समोरच्यांनी मागितला तर

कोल्हापुरातल्या भैरव गल्ली तालमीच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड इंद्रजित चौगुले म्हणजे मोठा लहरी गडी. एका सामन्यात तीन गोल मारायचा आणि पुढच्या तीन सामन्यांत चेंडू गोलखांबावरून आभाळात धाडायचा. फायनल चार दिवसांवर आली, तेव्हा तालमीचे अध्यक्ष आबासाहेबांनी बैठक बोलावली.

"असला बेभरवशाचा माणूस नको. त्याच्या जागी आमचा भाचा ऋतुराज खेळंल," ते म्हणाले.

ऋतुराजने वर्षभरात एकही गोल मारला नव्हता. पण आबासाहेबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

प्रशिक्षक हसनमामा शिकलगारांना हे पटलं नाही. इंद्रजितला त्यांनीच घडवलं होतं. तरी चेहरा साधा ठेवून ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, आबासाहेब. फक्त एक सांगून ठेवा. समोरच्या संघाचे दोन फॉरवर्ड जायबंदी आहेत. उद्या त्यांनी आपल्या या दोन पोरांतला एक मागितलाच, तर कुणाला द्यायचं?"

"ऋतुराजला द्या की," आबासाहेब तडक म्हणाले. "इंद्रजित त्यांच्याकडं गेला आणि नेमकी त्याच दिवशी त्याला लहर आली, तर आपलं काही खरं नाही."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मंडळी खाली माना घालून हसू दाबत होती. आबासाहेबांनी मुकाट्यानं इंद्रजितचं नाव यादीत लिहिलं.

"आणि भाच्याची काळजी करू नका," हसनमामा शांतपणे म्हणाले, "त्याला अजून कुणी मागितलेलं नाही."