इंद्रजितची जर्सी

कोल्हापुरात आमच्या पेठेतली पोरं लग्नालाही फुटबॉलची जर्सी घालून जातात. पण गोलकीपर इंद्रजितच्या शोकसभेला त्याचा थोरला भाऊ शहाजी जर्सीत आला, तेव्हा कडक इस्त्रीतले नगरसेवक दौलतराव भर सभेत गरजले, "आज तरी पांढरं घालायचं की रे. हा काय अवतार?"

शहाजी आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, ही इंद्रजितचीच आहे. तो कोसळला तेव्हा मैदानावरची ॲम्ब्युलन्स तुम्ही तुमच्या मिरवणुकीला नेलेली. मग त्याला खांद्यावर पालथा टाकून मी दवाखान्याकडं पळालो."

एवढं बोलून त्यानं सभेकडं पाठ केली. जर्सीवर मागं ठळक अक्षरांत छापलं होतं : सौजन्य, दौलतराव इंगवले.

"वाटेतच गेला तो. तुमची जाहिरात तेवढी सगळ्या पेठेनं वाचली."