आचाऱ्याचं नाक

एका गावात एक आचारी होता. त्याच्या नाकाची ख्याती साऱ्या पंचक्रोशीत! देवीच्या उत्सवात नैवेद्य दाखवण्याआधी कुणी काही चाखायचं नाही, अशी तिथली रीत. मग मीठ बरोबर पडलं की नाही, हे कळणार कसं? तर हा पातेल्यावर वाकायचा, लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून मूठभर." कधी म्हणून चुकला नाही पठ्ठ्या.

पण त्याला विडीचा नाद लागला. चुलीच्या निखाऱ्यावर एक पेटवायची, ती संपली की दुसरी. खोकला जडला, देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. बायको म्हणायची, "अहो, चुलीचा धूर पुरत नाही, म्हणून आणखी विकत आणता का?"

"अगं, धुरातच जन्म गेला माझा. मला काय होतंय!" असं म्हणून तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

त्या वर्षी उत्सवाला गव्हाची खीर शिजत होती. अचानक जळका वास मंडपभर पसरला. बायका नाकाला पदर लावून धावत आल्या. "आचारीमामा, खीर लागली!"

आचारी पातेल्यावरच वाकलेला होता. म्हणाला, "छे, काहीतरीच! मस्त वास सुटलाय."

कुणी हसलं नाही. गुरवाने तळ खरवडून दाखवला, तो काळाकुट्ट. देवीला नुसता गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवावा लागला. गुरव म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी दुसरा आचारी बघावा लागेल." आचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको त्याला वैद्याकडे घेऊन गेली. वैद्य म्हणाला, "नाक धुराने बधिर झालंय. विडी सोड, परत जागं होईल. नाही सोडलीस, तर आज नाक, उद्या छाती. गेलेली छाती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही, बाबा."

घरी येताच त्याने विड्यांचं बंडल चुलीत टाकलं. पण सोपं का होतं ते? हात शिवशिवायचे, डोकं भणभणायचं, उगाच बायकोवर खेकसायचा. एकदा तर कुणाकडून तरी मागून आणलेली विडी तोंडात धरून त्याने निखारा उचलला. बायकोने पुढे येऊन त्याच्या हातावर दोन लवंगा ठेवल्या. "खेकसा हवं तेवढं, पण ओढू नका." त्याने लवंगा चघळल्या आणि विडी जाळात गेली.

मग एका सकाळी तो ओरडला, "अगं, शेजारी लसूण करपतोय!" बायकोने डोकावून पाहिलं. खरंच करपत होता! शेजारीण बिचारी ओशाळली, पण आचाऱ्याच्या बायकोच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

ही बातमी गुरवाच्या कानावर गेली. तो म्हणाला, "मामा, या उत्सवाला बघू तुमचं नाक." उत्सवाच्या दिवशी आचारी लांब बसून खोबरं किसत होता. एकदम उठला, "जाळ ओढा! खीर तळाला धरतेय!" दुसऱ्या कुणालाही वास आला नव्हता. गुरवाने पळी घालून पाहिलं, तळाचा रंग नुकता कुठे बदलत होता. खीर वाचली. आचाऱ्याने ती स्वतः पायऱ्या चढून देवीपुढे नेली, मध्ये कुठेही न थांबता.

खाली आल्यावर एकाने विडी पुढे केली, "घ्या मामा, आज तरी एक!"

आचारी हसला. "नको रे बाबा. आत्ता कुठे खिरीतली वेलची मला परत भेटलीय."

तात्पर्य: धूर माणसाचं पुष्कळ काही गुपचूप नेतो; पण विडी वेळेवर सोडली, तर त्यातलं बरंचसं परत मिळतं.