सुरीने कापायचं दही

“दही असं हवं, नरसू, की सुरीने कापून वाढता आलं पाहिजे! आणि तेही शेळीच्या दुधाचं!”

चिंचगडच्या भुजंगराव महाराजांनी हे फर्मावलं तेव्हा मी, त्यांच्या मुदपाकखान्यातला आचारी, “जी सरकार” म्हणून कमरेत वाकलो. पोट मध्ये येतं, त्यामुळे फारसा वाकलो नाही.

महाराजांच्या गुडघेदुखीवर राजवैद्यांनी म्हशीचं दूध बंद करून शेळीचं सांगितलं होतं. राजवाड्यातल्या म्हशी थेट लांबच्या मळ्यावर रवाना झाल्या. उरली माझी शेळी, ठमी. आता शेळीच्या दुधाचं दही लागतं ते मऊच, जरा हललं की डळमळतं. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. महाराजांनाही होतं, पण पटत नव्हतं.

“फडक्यात टांगून पाणी काढलं तर, सरकार?”

“तो चक्का झाला! मला दही हवं. परवा सकाळी घेऊन ये, नाहीतर चिंचगडची वेस ओलांडून चालू लाग!”

वेशीबाहेर मला कोण ठेवून घेणार? एकाच चुलीपुढे बसून वाढलेला माणूस मी, आणि वाढलो तोही आडवाच! घाबरलो, अगदी मनापासून घाबरलो.

घरी येऊन ठमीचं दूध मंद आचेवर आटवलं, कोमट झाल्यावर विरजण लावलं, मडकं माझ्याच घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. आणि मग घडोघडी झाकण उघडून बघत बसलो.

“अहो, त्याला लागू द्याल की नाही?” बायको ओरडली. “सारखं तुमचं तोंड बघावं लागलं तर नासेल की ते!”

ती इतकी वर्षं हेच तोंड बघतेय आणि नासली नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढी हिंमत असती तर मी आचारी कशाला, सेनापतीच झालो असतो. गुपचूप बाजूला झालो.

दही लागलं. चव फक्कड! फक्त मडकं उचललं की माझ्या पोटासारखं हलायचं.

ठरल्या सकाळी भर दरबारात महाराजांनी त्यात सुरी घातली. सुरी आत गेली, बाहेर आली, मागे खूणसुद्धा राहिली नाही.

“याला दही म्हणतात?” महाराज गरजले. “कोणाला हे दही वाटतं, त्याने पुढे यावं!”

कोणी हललं नाही. दिवाणजींनी तर चव बघताना मिशीला लागलेलं हळूच पुसून टाकलं.

“हे दही नाही! नरसू, चालता हो!”

डोळे भरून आले. पागोटं सावरत दारापर्यंत गेलो आणि थबकलो.

“सरकार, बाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही द्यायची आपली रीत. ती मोडून कसा जाऊ?”

महाराजांना रीतीभातीचा मोठा अभिमान. बागेत फिरायला निघाले तरी आधी हातावर दही लागायचं त्यांना!

“माझ्या उंबऱ्यावरून दह्याशिवाय आजवर कोणी गेलेलं नाही!” ते कडाडले. “आणा रे दही!”

नोकर धावले आणि हात हलवत परत आले. राजवाड्यात दुसरं दही होतंच कुठे? महाराज तावातावाने उठले, त्याच मडक्यातलं चमचाभर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“हे घे दही, आणि नीघ!”

मी हात तसाच पुढे धरून उभा राहिलो.

“सरकार, हे दही असेल तर मला घालवताय कशाला? आणि हे दही नसेल, तर आपल्या उंबऱ्यावरून दह्याशिवाय जाणारा पहिला माणूस मीच! काय ते एकदा सांगा, म्हणजे चाटायचं की पुसायचं ते ठरवतो!”

महाराजांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, मग हातातला चमचा चाटला आणि खो खो हसत सुटले.

“दहीच आहे, लबाडा! आणि झकास आहे! दिवाणजी, मळ्यावरची सगळ्यात दुधाळ म्हैस या नरसूला बक्षीस द्या!”

मी पुन्हा पोटाला झेपेल तितका वाकलो. महाराज माझ्या कानाशी आले.

“उद्या दुपारी तुझ्याकडे जेवायला येतो,” ते कुजबुजले. “वैद्यबुवांना बोलू नकोस. सुरी मी घेऊन येतो!”