अंगाई कोणाची?

फार वर्षांपूर्वी एका रानात घरोघरी एकच अंगाई गायली जाई. ती रचली होती माळावरच्या टिटवीने, आपल्या पिलांसाठी. पण ती कोणाची, यावरून एकदा भरसभेत वाद पेटला. कोणी म्हणे मोराची, कोणी म्हणे कोकिळेची.

टिटवी भीत भीत म्हणाली, "माझी आहे ती."

"दगडगोट्यांत अंडी घालणारी तू, त्यात आवाज हा असा! तुला कुठून सुचणार एवढं गोड?" पोपट म्हणाला. सगळे हसले.

टिटवी हिरमुसून परत निघाली. वाटेत झाडाखाली खारीचं पिल्लू रडत होतं. खार अंगाईची शेवटची ओळ विसरली होती. टिटवीने ती हळूच म्हटली. पिल्लू झोपलं, तसं तिचंही मन निवलं.

"अगं, तुलाही येते ही?" खारीने विचारलं.

"येते की," टिटवी हसून म्हणाली आणि पिल्लू जागं होऊ नये म्हणून पंख न फडफडवता चालतच माळाकडे निघाली.