घासपारखी केतकी आणि गजवैद्याच्या तीन गोळ्या

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता. राज्य मोठे, नद्या भरलेल्या, कोठारे भरलेली, आणि राजा मात्र वाळका, कारण त्याच्या जेवणाला शाप होता. तो गादीवर बसला त्या दिवशी कालजिव्ह नावाचा जादूगार हातात एक फळ घेऊन भेटीला आला. राजा म्हणाला, "आधी हे सेवकाला चाखवा." जादूगाराने फळ परत झोळीत टाकले.

"राजा," तो म्हणाला, "प्रेमाने दिलेल्या घासाची तुला शंका आली. आता जन्मभर शंकाच खा. तुझ्या ताटातला रोज एक पदार्थ विष होईल. कोणता, ते तुला कळणार नाही."

एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला. अशा वेळी पाय धरून उःशाप मागायची रीत असते. पण राजा घाबरला, दरबार घाबरला, आणि मागायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी राजा ताटासमोर नुसता बसून होता. तेवढ्यात केवड्याच्या रंगाचे एक मांजरीचे पिल्लू कुठूनसे आले. त्याने एकेक वाटी हुंगली, चाटली, आणि वालाच्या भाजीपाशी येताच पंजाने जमीन उकरू लागले, घाणीवर माती लोटावी तसे. ती भाजी अंगणात टाकली, ती कावळ्याने खाल्ली आणि कावळा जागीच आडवा झाला. त्या दिवसापासून पिल्लाचे नाव केतकी, पद घासपारखीचे आणि बसायला चांदीचा पाट. प्रत्येक पदार्थाचा पहिला घास केतकीचा. तिने चाखला की राजाने खावा, तिने जमीन उकरली की पदार्थ पुरावा. आणि राज्यात कायदा झाला: रोजचा एक नाकारलेला पदार्थ शापाचा समजावा. त्याच दिवशी दुसरा नाकारला, तर तो कुणा माणसाच्या कपटाचा, आणि तो करणाऱ्याला तळघरात टाकावे.

अशी एकोणीस वर्षे गेली. केतकी म्हातारी झाली. अंगावरचा केवडा विटला, पाठीची हाडे मोजून घ्यावीत अशी दिसू लागली, आणि ती दिवसभर पाण्याच्या घंगाळाशी मान घालून बसू लागली. दिवसाला दोन पदार्थ चाखण्यापुरताच तिच्यात जीव उरला. त्या दोनांत एखादा विषाचा निघे. मग राजा एका पदार्थावर दिवस काढी. केतकी गेली तर राजा एकतर उपाशी मरणार, नाहीतर जेवून मरणार, हे सगळ्यांना कळत होते. राजवैद्याला ते जरा जास्तच कळले. तो एका सकाळी अचानक सासुरवाडीला निघून गेला.

राज्यात दुसरा वैद्य एकच होता, गजवैद्य धुंडिराज. हत्तीच्या पायातला काटा तो नुसत्या चालीवरून ओळखी. मांजरीला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "मी हत्तींचा."

"मांजरीला चार पाय नाहीत काय?" प्रधानाने विचारले.

 धुंडिराजाने केतकीला मांडीवर घेतले. हत्तीच्या पोटाला कान लावायची सवय, इथे कानच पोटापेक्षा मोठा. तरी दुखणे त्याने बरोबर ओळखले. रोज संध्याकाळी जागा बदलणारा एक डोंगर आहे, त्या डोंगरावर याचे औषध उगवते. धुंडिराज हत्तीवर बसून निघाला, तीन दिवस डोंगराच्या मागे फिरला, डोंगर सापडल्यावर मुळी खणून आणली. ती बारा वर्षांतून एकदा फुटते. वाटून, सुकवून तिच्या गोळ्या झाल्या तीन, हिंगाच्या खड्याएवढ्या, काळ्या आणि कडू. एक पोटात गेली की पुरे.

"एवढेच ना," धुंडिराज मनाशी म्हणाला. हत्तीला नारळाएवढी गोळी तो गुळाच्या ढेपेत घालून देई. हत्ती शहाणा, पण गुळापुढे त्याचे शहाणपण टिकत नाही. मांजरीचा गूळ कोणता, तेवढे शोधले की झाले.

मुदपाकखान्याच्या खिडकीत एक साळुंकी राही. ती माणसासारखी बोले आणि कधीही खोटे बोलत नसे. फक्त तिला एक खोड होती. आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती पुढच्या प्रश्नाच्या वेळी देई. हे तुम्हाआम्हाला ठाऊक झाले. बिचाऱ्या धुंडिराजाला कुणी सांगितले नव्हते.

धुंडिराजाने हात जोडून विचारले, "पक्षीबाई, केतकी औषध कशी घेईल?"

आदल्या दिवशी स्वयंपाकिणीने खीर का करपते म्हणून विचारले होते. साळुंकी म्हणाली, "आच मंद ठेव आणि सारखे ढवळ."

धुंडिराजाला आनंद झाला. त्याने भागू गवळणीकडून दूध मागवले, मंद आचेवर सकाळभर ढवळले, त्यात पहिली गोळी विरघळवली. दुधाला असा वास सुटला की दाराशी शिपाई जमले. केतकी आली. तिने वाटीकडे पाहिले, मग धुंडिराजाकडे पाहिले, आणि पंजाने जमीन उकरली. राजाच्या ताटातली एक आमटी तिने सकाळीच नाकारली होती. हा दिवसाचा दुसरा पदार्थ. शिपायांनी दूध पुरले, दूध जिचे तीच कर्ती असे ठरवले आणि भागू गवळणीला तळघरात नेले.

"अहो, मी फक्त म्हैस पिळली," भागू म्हणत होती. धुंडिराज सगळ्यांना समजावत होता की दुधात विष नव्हते, औषध होते. पण कायद्यात औषधाचा शब्दच नव्हता.

तो परत खिडकीशी आला. "पक्षीबाई, तिने दूध का नाकारले?"

साळुंकी म्हणाली, "जे ती तुमच्यासाठी करते, ते तुम्ही तिच्यासाठी करा."

धुंडिराज चक्रावला. दूध का नाकारले, याचे हे कसले उत्तर? त्याने पुन्हा विचारावे, तर साळुंकी डाळिंब सोलण्यात गुंगली होती. रात्रभर त्याने डोके खाजवले. मांजरी माणसासाठी काय करते? पहाटे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. उंदीर धरते.

मग राज्याचा गजवैद्य, अडीच मण वजनाचा गृहस्थ, राजाच्या कोठारात उंदरामागे धावू लागला. पोती कोसळली, तांदळाचा ढीग पसरला. कोठावळा रायाजी डोक्याला हात लावून बसला. दुपारी एकदाचा उंदीर सापडला. त्याच्या पोटात दुसरी गोळी घालून धुंडिराजाने तो केळीच्या पानावर मांडला. केतकीला उचलून आणावे लागले. तिने लांबूनच मान फिरवली आणि पडल्यापडल्या, एकाच पंजाने, जमीन उकरली.

राजाच्या ताटातली एक कोशिंबीर तिने सकाळी नाकारली होती, म्हणजे हाही दिवसाचा दुसरा पदार्थ. आता पेच पडला. नाकारलेला पदार्थ करणारा तळघरात, हे ठीक. पण उंदराचा कर्ता ब्रह्मदेव. त्याला कुठून धरून आणणार? शिपायांनी बराच खल केला. शेवटी उंदीर ज्याच्या धान्यावर वाढला, तो रायाजी कोठावळा तळघरात गेला. "वैद्यबुवा, उद्या कुणाची पाळी?" जाताना त्याने विचारले. धुंडिराजाला मान वर करवेना.

एक गोळी उरली. केतकी आता पाण्यापाशीही जाईना. धुंडिराज तिच्याजवळ बसला आणि तिच्या कानामागे बोट फिरवू लागला. हत्ती आजारी पडला की सोंड गळ्यात टाकतो, रडतो, कळते तरी. ही काहीच बोलत नव्हती. नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. त्याला वाटले, मी काहीतरी साधी गोष्ट समजून घ्यावी असे हिला वाटते आणि मी इतका मोठा होऊन ती मला समजत नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी तो तिसऱ्यांदा खिडकीशी गेला. "पक्षीबाई, तिसरी गोळी कशात घालू?"

साळुंकी म्हणाली, "कारण त्यात काहीतरी लपवले होते. लपवलेले शोधायचे, हेच तिचे काम."

धुंडिराज मागे वळला, चार पावले गेला आणि थांबला. कशात घालू म्हणून विचारले, तर ही कारण सांगते? हे तर मागच्या प्रश्नाचे उत्तर. मग मागच्या वेळी मिळाले ते त्याच्या आधीच्या प्रश्नाचे. सगळ्यात आधी काय विचारले होते? केतकी औषध कशी घेईल. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. जी एकोणीस वर्षे अन्नातले कपट हुंगून काढते, तिच्याच पुढे आपण दोनदा कपटाचे अन्न ठेवले. हत्तीला फसवून बरे करता येते. हिने फसू नये, म्हणून तर हिला पाटावर बसवले आहे.

तो तसाच राजापुढे गेला. गोळी उघड्या तळहातावर होती.

"महाराज, हिचा पहिला घास आपण घ्यायचा."

प्रधान पुढे झाला. "महाराज, केतकीने आज काहीच चाखलेले नाही. आजचे विष कशात आहे, ठाऊक नाही. या गोळीतच असले तर?"

"असेलही," धुंडिराज म्हणाला. "मला कळत नाही. मला या आठवड्यात काहीच नीट कळलेले नाही."

"मी चाखली नाही, तर?" राजाने विचारले.

"तर ती घेणार नाही."

"आणि मग?"

"मग ती जाईल, महाराज. आज नाहीतर उद्या."

राजाने केतकीकडे पाहिले. मग म्हणाला, "एकोणीस वर्षे ती माझ्या ताटातला पहिला घास घेत आली. विष असले तर, असे तिला कुणी विचारले होते काय?"

 राजा सिंहासनावरून उतरला आणि केतकीच्या पाटासमोर जमिनीवर बसला. गोळी त्याने तिच्या डोळ्यांसमोर धरली, झाकली नाही, कशात मळली नाही. "केतकी, हे औषध आहे. कडू आहे," तो म्हणाला. मग त्याने गोळीची कड दातांनी तोडली आणि गिळली. त्याचे तोंड वाकडे झाले, डोळ्यांत पाणी आले.  केतकीने राजाच्या तोंडाकडे पाहिले, पापणी न हलवता, जशी ती वाटीकडे पाही. राजा पडला नाही. तेव्हा तिने मान पुढे केली, उरलेली गोळी त्याच्या बोटांवरून उचलली, दोनदा चावली आणि गिळून टाकली. तिचेही तोंड वाकडे झाले.

तीन दिवसांत ती उठून बसली. चौथ्या दिवशी राजाचे ताट वाढले, बारा पदार्थांचे. केतकी पाटावर आली. तिने पहिली वाटी चाटली, दुसरी चाटली, अशा बाराही चाटल्या. एकदाही जमीन उकरली नाही.

दरबारात कुजबुज झाली. म्हातारीचे नाक गेले, प्रधान म्हणाला.  औषधाने नाक जाते की काय, हे धुंडिराजाला ठाऊक नव्हते. हत्तीचे तरी जात नाही.

राजा म्हणाला, "केतकीने मला आजवर फसवलेले नाही." आणि तो जेवला. बाराही पदार्थ जेवला, ताक पिऊन ढेकर दिला आणि जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशी तसेच. मग सगळ्यांच्या ध्यानात आले की शाप सुटला. कशाने सुटला, हे विचारायला धुंडिराज साळुंकीकडे गेला. साळुंकी म्हणाली, "कशातच घालू नकोस, उघडी दे." धुंडिराजाने कपाळाला हात लावला आणि पुढचे विचारलेच नाही. पण शंकेचा शाप कसा सुटतो, हे सांगायला साळुंकी कशाला हवी?

भागू गवळण आणि रायाजी कोठावळा तळघरातून बाहेर आले. राजाने त्यांची हात जोडून क्षमा मागितली, घासपारखीचा कायदा मोडला, आणि मग पाटाकडे पाहून गोंधळात पडला.

"वैद्यराज," त्याने विचारले, "आता केतकीने करायचे काय?"

या एका प्रश्नाचे उत्तर मात्र धुंडिराजाला लगेच आले. "महाराज, एकोणीस वर्षे ती सगळ्यांतला एकेक घास खात आली. आता तिने जेवावे."

राजाने आपल्या शेजारी पान मांडले. त्यावर एक अख्खा मासा ठेवला, काटे स्वतःच्या हाताने काढून. केतकीने त्याला नाक लावले नाही, राजाकडे पाहिले नाही. ती सरळ खायला लागली, आणि सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या तुकड्यापर्यंत जेवली. राजाचे ताट निर्मळ झाले, केतकीचे पोट भरले. ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्या ताटातही असाच बिनशंकेचा घास येवो.