खाचेतला पेला

इजिप्तच्या वाळवंटात, एका पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती साधूंचा जुना मठ आहे. त्याच्या तटाला बाहेरून, गुडघ्याच्या उंचीवर, ओंजळभर खाच पडलेली आहे आणि तिच्यात पाण्याचा पेला ठेवलेला असतो. जालन्याचे दानियल कसबे यात्रेला म्हणून तिथे पोचले आणि हात जोडून आपले नाव सांगू लागले, तेव्हा म्हाताऱ्या फादर बिशोयनी ओठांवर बोट ठेवले. "आधी पाणी. नाव मागाहून," ते म्हणाले, आणि दानियलना तटाच्या सावलीत बसवून त्यांनी ही हकीकत सांगितली.

फार पूर्वी या तटाला दार नव्हते म्हणे. वर एक साधू दोर सांभाळायचा आणि आलेल्याला टोपलीत बसवून ओढून घ्यायचा. साधूंचे झगे घालून आलेल्या लुटारूंनी दोनदा मठातल्यांना कापून काढले होते. म्हणून नियम कडक होता. खालच्याने नाव-गाव सांगितल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

एका उन्हाळ्यात, वाळूचे वादळ नुकतेच शमले असताना, भर दुपारी एक माणूस धडपडत तटाखाली आला. तोंडाला फडके गुंडाळलेले. "कोण रे तू?" साधूने वरून विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. खालच्याने हात वर केला, मग दगड उचलला आणि तो तटावर ठोकू लागला. हा भिंत फोडतोय, याची माणसे मागे दबा धरून असणार, असेच साधूला वाटले. आत तीस जीव होते. त्याने दोर हातात घट्ट धरून ठेवला. ठोकणे मंद होत गेले आणि ऊन कलता कलता थांबले.

तेव्हा कुठे साधू खाली उतरला. फडके सोडून पाहतो तर जीव गेलेला, तहानेने जीभ सुजून ओठांबाहेर आलेली. बोलणार कसा? आणि चेहरा त्याच्या पाठच्या भावाचा. कमरेच्या पिशवीत घरचे खजूर होते, पिशवीवर आईच्या हातचा वाकडा टाका. बारा वर्षांनी भेटायला निघाला होता बिचारा.

मठाधिपती म्हणाले, "तू नियम पाळलास. तुला दोष नाही." त्या शब्दांनी साधू पुरताच खचला. त्यापेक्षा दोष दिला असता तर बरे झाले असते. त्याने प्रार्थनेच्या यादीतून आपले नाव खोडायला लावले आणि तो पुन्हा कधी वर गेला नाही. मरेपर्यंत तटाबाहेर घडा घेऊन बसला. येईल त्याला पाणी द्यायचा, लुटारूलासुद्धा, आणि नाव कुणालाच विचारायचा नाही. त्याचे स्वतःचे नावही आता कुणाला ठाऊक नाही, असे सांगतात.

आजही पेला त्या दगडाने ठोकून पडलेल्या खाचेतच ठेवतात. गुडघे टेकल्याशिवाय तो हाती येत नाही. दानियल खाली बसले आणि थेंबन्‌थेंब प्यायले. मग फादर बिशोयनी हळूच विचारले, "आता सांगा, कोण आपण?"

दानियलनी आधी रिकामा पेला पुन्हा भरून खाचेत ठेवला.