फाटलेला ओठ आणि वरचा सूर

फार पूर्वी, नदीवर पूल नव्हता त्या काळी, एका टेकडीवरच्या चौकीत एक म्हातारा तुतारीवाला राहत असे. उन्हाळ्यात नदी आटली की खालच्या गावातील माणसे पात्रातल्या वाळूत कलिंगडांचे वेल लावीत आणि दिवसभर तिथेच राबत. त्यांच्यासाठी तुतारीचे दोन सूर ठरलेले होते. खालचा, संथ सूर म्हणजे दुपार झाली, जेवून घ्या. वरचा, तीक्ष्ण सूर म्हणजे डोंगरात पाऊस झाला आहे, लोंढा येतो आहे, पात्र सोडा.

म्हाताऱ्याचे पुढचे दात पडले आणि वरचा सूर त्याच्याकडून निघेना. तेव्हा त्याने गावातील एका तरुणाला शिकवायला घेतले. या तरुणाचा थोरला भाऊ आणि वहिनी त्याच वाळूत कलिंगडे पिकवीत.

शिकण्याची जागा टेकडीमागच्या घळीत होती, म्हणजे सरावाच्या सुराने वाळूतली माणसे फसू नयेत. दोन वर्षे म्हाताऱ्याने त्याला खालच्याच सुरावर ठेवले. "श्वास पोटातून येऊ दे," तो म्हणे. "ओठ बळकट झाले की वरचा सूर आपला आपण लागेल."

वहिनी मात्र हसे. "भाऊजी, दोन वर्षं झाली. आपली म्हैससुद्धा याहून वर रेकते."

ती थट्टाच होती. पण त्याला ती लागली. त्या दिवसापासून एकटा असताना तो तुतारीची पितळी कड ओठांवर जोराने दाबू लागला. दाबल्यावर सूर चढला. चैत्रातल्या जत्रेत त्याने तो सर्वांसमोर वाजवला. गावाने त्याला फेटा बांधला, वहिनीने ओवाळले आणि चौकी त्याच्या हवाली झाली.

काही दिवसांनी म्हातारा चौकीवर आला. त्याने तुतारी ऐकवायला सांगितली नाही. तरुणाच्या ओठाकडे पाहिले. तिथे निळे कडे उमटले होते.

"हे कधीपासून?"

"काही नाही बाबा, उन्हानं तडकलाय."

"दाबून काढलेला सूर चार वेळा येतो, पाचव्यांदा ओठ ऐकत नाही. महिनाभर तुतारी खाली ठेव. पलीकडच्या गावचा तुतारीवाला माझ्या ओळखीचा आहे, तो येऊन बसेल."

परगावचा माणूस चौकीत बसला, तर हा फेटा कोणत्या तोंडाने मिरवायचा, एवढेच तरुणाच्या मनात आले.

"ओठ बरा आहे माझा," तो म्हणाला. "कालच घळीत वरचा सूर लावून पाहिला."

काल सूर लागला नव्हता. रक्त आले होते.

वैशाखात, दुपार व्हायच्या थोडे आधी, त्याला डोंगराच्या कुशीतून सरकत येणारी तपकिरी रेघ दिसली. त्याने तुतारी उचलून दाबली. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा दाबली, ओठ फाटला. तिसऱ्यांदा उरलासुरला श्वास लावून फुंकले, तेव्हा त्या ओठांतून एकच सूर निघाला. खालचा.

वाळूतल्या माणसांनी तो ऐकला. त्यांनी खुरपी ठेवली, हात धुतले आणि भाकऱ्यांची फडकी सोडली. तो ओरडत टेकडी उतरू लागला. लोंढा त्याच्याआधी पोचला.

संध्याकाळी वहिनी काठावर एकटी बसलेली त्याला दिसली. शिदोरीत मीठ घ्यायचे राहिले म्हणून ती काठावरच्या झोपडीकडे गेली होती, तेवढ्यामुळे वाचली. ती रडत नव्हती.

"भाऊजी, तुमची तुतारी ऐकली," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, आज दुपार लवकर झाली वाटतं. तर म्हणाले, धाकट्यानं वाजवलीय, बस जेवायला."

पुढच्या उन्हाळ्यात परगावचा तुतारीवाला चौकीत येऊन बसला. वरचा सूर त्याचा स्वच्छ होता. पण वाळूत वेल लावायला कोणी उतरले नाही.

तात्पर्य: ज्याच्या सुराच्या भरवशावर इतरांचे जीव आहेत, त्याने मानासाठी आपली जखम झाकू नये; आपल्याला जमत नाही हे वेळेवर सांगणे, हाही त्याच्या कर्तव्याचाच भाग असतो.